पाणी सोडून बंबात असतं काय?

कुणीतरी विचारलंय, की आगीच्या बंबात, म्हणजे अग्निशमन दलाच्या गाडीत, पाणी सोडून आणखी असतं तरी काय. (आमच्या आजीला बंब म्हटलं की न्हाणीघरातला तांब्याचाच आठवतो, ते सोडा.)

आधी होज, म्हणजे पाणी मारायचा पाइप, आणि त्याचं वजन. ६३ मिमी व्यासाचा १५ मीटर होज भरला की आत जवळपास ४७ लिटर पाणी असतं, म्हणजे तेवढेच किलो. शिवाय पाण्याचा दाब. म्हणून ब्रांच (होजच्या टोकाची तोटी) धरायला एक माणूस पुरत नाही.

पण आपल्या सोलापुरात मला सगळ्यात कामाची वाटते ती लांब दांड्याची आकडी. अक्कलकोट रोडला टॉवेल-चादरींचे कारखाने, सुताच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. गाठीवर नुसतं पाणी मारलं तर वरचा थर भिजतो आणि आत धुमसत राहतं. गाठी ओढून, फोडून, पसरवून पुन्हा भिजवाव्या लागतात. ज्वाळा विझल्यावरही जवान तासन् तास तिथे का असतात, त्याचं उत्तर हे.

आणि धुरात शिरायचं तर पाठीवर सिलिंडर हवाच. त्यात ऑक्सिजन नसतो हो, साधी दाबून भरलेली हवा असते! ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला साधारण १८०० लिटर. श्वासाला मिनिटाला ४० लिटर धरले तर हिशेबाने पाऊण तास. जिने चढताना, ओझं ओढताना त्याहून बरीच लवकर संपते. दाब ५० बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते, पण शहाणा माणूस तिची वाट बघत नाही, परतीची हवा राखून आधीच मागे फिरतो.