हवाई बेटांवरील फुलमाळा, सालीचे कापड आणि पोई: जुने कोणते, नंतरचे कोणते?

प्रश्न
हवाई बेटांच्या पारंपरिक कलांवर मी लेख लिहीत आहे. तेथील फुलमाळांना, म्हणजे ‘लेईं’ना, छायाचित्रांत बहुधा चाफ्याची फुले दिसतात, परंतु हा चाफा मूळचा अमेरिका खंडातील असल्याचे वाचनात आले. मग युरोपीय लोक येण्यापूर्वी माळा कशाच्या करीत असत? कापड व खाद्यपदार्थ यांतही असा भेद करता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
चाफ्याबद्दल आपण वाचले ते बरोबर आहे. तो तेथे १८६०च्या सुमारास पोहोचला. जुन्या माळांमध्ये ओआहू बेटाचा इलिमा मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण त्याची पिवळी-नारिंगी फुले कागदासारखी पातळ असतात, एका माळेला ती शेकडो लागतात आणि एवढ्या खटपटीनंतर ती जेमतेम दिवसभर टिकतात. माइले या सुगंधी वेलीच्या लेईची टोके मोकळीच ठेवतात. काउआईच्या मोकिहानाची तर फुले नव्हे, बडीशेपेच्या वासाची फळे ओवतात, आणि निइहाऊच्या माळा चिमुकल्या शिंपल्यांच्या असतात. तरीही चाफ्याच्या लेईला आपण खोटी ठरवू नये, कारण ओवण्याची रीत जुनीच आहे.

प्रतिसाद २
कापडाबाबत लिहितो. ‘कापा’ हे वाउके झाडाच्या आतल्या सालीपासून करतात. साल भिजवून, लाकडी मोगरीने बडवून तिचे पातळ पत्रे करतात. शेवटच्या फेरीतील मोगरीवर कोरलेली नक्षी कापडात उमटते आणि ते उजेडासमोर धरले की दिसते. वरची रंगीत नक्षी बांबूच्या पट्ट्यांवर कोरलेल्या ठशांची असते. एकोणिसाव्या शतकात सुती कापड आल्यावर ही कला जवळजवळ लुप्त झाली, आणि १९७०च्या दशकात काही कारागिरांनी संग्रहालयांतील जुने नमुने अभ्यासून ती पुन्हा उभी केली. मात्र वाउके हे झाडसुद्धा पॉलिनेशियन दर्यावर्दींनीच होड्यांतून आणलेले आहे, त्यामुळे ‘युरोपीयांपूर्वीचे’ आणि ‘मूळचे’ या दोन गोष्टी लेखात वेगळ्या ठेवाव्यात.

प्रतिसाद ३
हेच कालो म्हणजे अळूच्या कंदालाही लागू पडते. तोही होड्यांतून आला, पण हवाईयन परंपरा त्याला माणसाचा थोरला भाऊ मानते. कच्चा कंद घशाला खाजतो, म्हणून तो उकडून, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटतात. पाणी न घालता कुटलेला घट्ट गोळा म्हणजे पाइ आइ आणि पाणी घालून सैल केला की पोई. पोई दोन-चार दिवस ठेवून आंबवूनही खातात. हाताने कुटलेल्या पोईच्या विक्रीतील परवान्यांच्या अडचणी २०११ साली हवाईच्या विधिमंडळाने कायदा करून कमी केल्या, ही बाब आपल्या लेखात अवश्य यावी.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. ओहिआ लेहुआच्या लाल फुलांचाही उल्लेख करावा का?

प्रतिसाद १
जरूर करावा, कारण ते हवाई या मोठ्या बेटाचे फूल आहे आणि ओहिआ हे झाड खरोखरच मूळचे तेथील आहे. मात्र २०१४मध्ये ओळखल्या गेलेल्या बुरशीच्या रोगाने ही झाडे मोठ्या प्रमाणावर मरत आहेत, म्हणून हुला नर्तकांना माळांसाठी लेहुआ न तोडण्याची विनंती करण्यात आली आहे.