यूपीएस बसवला आणि रॅम भरली! आयएमएची यादी छाटता येते का?

नमस्कार मंडळी,

फोंड्यात आमचं चौघांचं छोटं काम आहे. वेर्ण्याच्या कारखान्यांत वीजमीटरची रीडिंग गोळा करणारे लिनक्सचे डबे बसवतो. ५१२ एमबी रॅम, टीपीएम ही सुरक्षा चिप, आयएमए चालू (फाइल 'मोजून', म्हणजे तिच्या मजकुराचा हॅश किंवा ठसा काढून, यादीत नोंदवणारी कर्नलची सोय), काय मोजायचं ती पॉलिसी तयार मिळते तीच, टीसीबी. पावसात लाइट सारखी जायची, डबा रीबूट व्हायचा, त्यामुळे कधी काही जाणवलं नाही. यंदा एका गिऱ्हाइकाने चांगला यूपीएस घेतला. डबा सत्तर दिवस अखंड चालला आणि मग मेमरी संपली म्हणून कर्नलने आमचाच प्रोग्राम मारला.

मेमइन्फोत 'एसअनरिक्लेम' (कर्नलने धरलेली, परत न मिळणारी मेमरी) २०० एमबीच्या वर. आयएमएच्या नोंदी सहा लाखांच्या पुढे! यादी उघडली तर फिरून फिरून तीच सहा नावं: सहा मीटरच्या सीएसव्ही फाइल्स, दर वेळी नवा हॅश. रूटचा क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) दर मिनिटाला त्या वाचतो, म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी. मेमरी कर्नलची, स्वॅपमध्येही जात नाही.

जुन्या नोंदी काढाव्यात तर पीसीआर १० (टीपीएममधला रजिस्टर) आडवा येतो. प्रत्येक नोंद आधीच्या मूल्यात मिसळून हॅश होते. एक जरी गाळली तरी तपासणाऱ्या सर्व्हरकडे हिशोब जुळत नाही. केएक्सेक केलं (पूर्ण रीबूट न करता नवा कर्नल चालू केला), तर यादी नव्या कर्नलात जशीच्या तशी. (टीपीएम रीसेट होत नाही, म्हणजे बरोबरच आहे म्हणा.) भागीदार म्हणतो, रोज रात्री रीबूट लावू. गिऱ्हाइकाने यूपीएस घ्यायचा आणि लाइट आपण घालवायची?

काही मार्ग?

प्रतिसाद १
बादली उपसण्याआधी नळ बंद करा. टीसीबी पॉलिसी रूटने वाचलेली फाइल मोजते. सीएसव्ही वाचायला रूट कशाला हवा? स्क्रिप्टला वेगळा यूजर द्या. रूटचा बॅकअपही त्या वाचत असेल, तर फाइल्स वेगळ्या पार्टिशनवर न्या आणि स्वतःच्या पॉलिसीत त्याच्या यूयूआयडीसाठी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) 'डोंट मेझर', म्हणजे मोजू नको, असा नियम सगळ्यात वर लिहा. पहिला जुळलेला नियमच लागतो. पण फक्त 'फाइल चेक'पुरता (फाइल उघडतानाची मोजणी) हं, नाहीतर तिथून चालवलेले प्रोग्रामही मोजणीतून सुटतील.

धागाकर्ता
वेगळा यूजर दिला. जुनी यादी जायला एक रीबूट करावाच लागला, तो चवथीला कारखाना बंद असताना उरकला. दहा दिवस झाले, नोंदींचा आकडा १,१४० च्या आसपासच आहे. भागीदाराला अजून दाखवायचाय.