मदत हवी आहे: पांढऱ्या बोर्दो वाइनसोबत आपल्याकडचं काय करू?

मंडळी,

शनिवारी शेजारच्या फ्रेंच आजी-आजोबांना जेवायला बोलावलंय. आम्ही बोर्दोत राहतो. आजींनी बाटली आधीच आणून दिली आहे: बोर्दोजवळच्या पेसाक-लेओन्याँ भागातली पांढरी वाइन, सोव्हिन्यों ब्लाँ आणि सेमियों ही द्राक्षं जवळजवळ निम्मी-निम्मी, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली. "जेवण तुमच्याकडचं, वाइन आमच्याकडची" असं त्यांनी बजावलंय. त्यामुळे पास्ता करायचा नाहीये, आणि वाइनही वाया जाऊ द्यायची नाहीये.

इथले लोक अशी वाइन भाजलेल्या माशाबरोबर किंवा शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतात. लोणी, मीठ, लिंबाचे चार थेंब, झालं. आम्ही मूळचे मालवणकडचे. माशाचं तिखलं म्हटलं की लाल तिखट, तिरफळं, कोकम आलंच! इथल्या कापुसँच्या बाजारात दोराद हा समुद्रातला मासा ताजा मिळतो. त्याचं तिखलं करू, की हिरवी चटणी भरून केळीच्या पानात वाफवू? वाइन किती गार असावी? जाणकारांनी कृपया सांगा, शुक्रवारी बाजार करायचा आहे.

प्रतिसाद १

तिखलं या बाटलीसोबत नको, ताई. लाल मिरचीने अल्कोहोल जास्त जळजळतं आणि ओकचा कडवटपणा वर येतो. कोकमाची अडचण वेगळी: ताटातला आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ झाला की वाइन पाणचट लागते. सोलकढीही त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी.

हिरवी चटणी मात्र जरूर करा. सोव्हिन्योंला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा जो वास असतो तो कोथिंबिरीशी फार छान जुळतो. ओलं खोबरं सढळ हाताने, मिरची एखादीच, लिंबू बेताचं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण त्यांनी सेमियोंला विसरू नये. तिच्यामुळेच ही वाइन अंगाने भरदार होते, थोडी मधाकडे झुकते. नुसती सोव्हिन्यों असती तर मीही वाफवलेला मासाच म्हटलं असतं. इथे मला नारळाचं दूध जास्त पटतं. गोव्याकडचं काल्दीन करा: हळद, जिरं, धणे, आलं, नारळाचं दाट दूध. चिंच किंवा व्हिनेगर अगदी थोडं. सोबत साधा भात.

वाइन 10 ते 12 अंशांवर द्या. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असली तर पिंपात मुरल्याची चव कळतच नाही. बोर्दोच्याच आंत्र-द-मेर भागातली हलकी, ओक न लावलेली बाटली असती तर 8 अंश आणि रवा लावून तळलेला मासा, डोळे झाकून.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! काल्दीन ठरलं, चटणीचा मासा सुरुवातीला थोडासा ठेवते. आता आजी म्हणतात सोतेर्नही (बोर्दोकडची गोड पांढरी वाइन) आणते. त्यावर श्रीखंड चालेल का?

प्रतिसाद २

श्रीखंड नको. गोडाबरोबरची वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते, आणि श्रीखंडाची साखर सोतेर्नलाही भारी पडेल. केशर घातलेला शिरा करा, साखर नेहमीच्या निम्मी, वरून भाजलेले बदाम. चक्का आधीच बांधून ठेवला असेल तर तो रविवारी घरच्यांसाठी.