चुकणाऱ्या नायिका: काय बघू, सुचवा

पाटीपेन्सिल:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या हौशी गटासाठी एकांकिका लिहितेय. नायिका पतसंस्थेत मॅनेजर. कामाला वाघ, पण सहकाऱ्याची बढती अडावी म्हणून त्याची एक फाइल मुद्दाम दाबून ठेवते. पकडलीही जात नाही. तालमीत सगळ्यांचं एकच टुमणं: हिच्या लहानपणीचा एखादा वाईट प्रसंग टाक, म्हणजे प्रेक्षक समजून घेतील. मला नेमकं तेच नकोय. अशा बायका नीट लिहिलेले सिनेमे, मालिका सुचवा. शेवटच्या प्रवेशात कुणाच्या तरी कानाखाली वाजवणारी 'खंबीर स्त्री' नको. आणि पोळ्या वातड होतात, गाडी मागे घेता येत नाही, असले गोड गोड दोषही नकोत.

गवतीचहा:
'उंबरठा' (1982) पाहिला नसेल तर आधी तो. लोकांना 'सुन्या सुन्या मैफिलीत' तेवढं आठवतं. कादंबरी शांता निसळांची 'बेघर', पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. सुलभा लहान मुलीला जावेच्या ओटीत टाकून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते. आता बघ, तेंडुलकर काय करत नाहीत ते. नवरा दारू पिऊन मारणारा नाही, सासू छळणारी नाही, उलट स्वतः समाजकार्य करणारी. म्हणजे घर सोडायला सोयीचं कारणच ठेवलेलं नाही. तिला काम करायचंय, बस्स. आश्रमातही ती सगळं सुधारून टाकत नाही. परत येते तेव्हा मुलगी काकूकडे रमलेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. तिनं जायला नको होतं की जायलाच हवं होतं, यावर आमच्याकडे आजही आई आणि मावशीची जुंपते.

रात्रपाळी:
'हॅपी व्हॅली', इंग्रजी मालिका, लेखिका सॅली वेनराइट. तीन पर्व, प्रत्येकी सहा भाग. पहिल्याच भागाचा पहिला प्रसंग चारदा बघ. एक पोरगा अंगावर पेट्रोल ओतून घेऊन पेटवून घ्यायची धमकी देतोय. सार्जंट कॅथरीन अग्निशामक नळकांडं आणि गॉगल घेऊन तिथं जाते आणि त्याला बोलण्यात गुंतवायला स्वतःची ओळख करून देते: वय 47, घटस्फोट झालाय, बहीण हेरॉइनमधून बाहेर पडतेय, दोन मुलांपैकी एक गेलं, दुसरं माझ्याशी बोलत नाही, एक नातू आहे. एवढी सगळी पार्श्वभूमी आणि रडगाणं कुठंही नाही, कारण बाई ड्यूटीवर आहे. तुझ्या तालीमवाल्यांना हे दाखव. भूतकाळ टाकायला हरकत नाही, पण तो माफीच्या अर्जासारखा जोडू नये.

पाटीपेन्सिल:
माफीचा अर्ज! हे उद्या तालमीत ऐकवते. पण कॅथरीन शेवटी भलीच ना? माझी बाई सरळसरळ अन्याय करते.

कडूकारलं:
मग 'मेअर ऑफ ईस्टटाउन' (2021, सातच भाग). डिटेक्टिव्ह मेअर, म्हणजे केट विन्स्लेट. तिचा मुलगा गेलाय आणि नातवाचा ताबा त्याच्या आईला, कॅरीला मिळेल अशी चिन्हं आहेत. कॅरी व्यसनातून उठून धडपडतेय. तर ही बाई पोलिसांच्या ताब्यातलं, पुरावा म्हणून ठेवलेलं हेरॉइन उचलते आणि कॅरीच्या गाडीत ठेवून देते. तुझ्या फाइलचा थोरला भाऊच म्हण! पुढं साहेबांना कळतं आणि तिला सक्तीच्या रजेवर घालवतात.

रात्रपाळी:
मला तिथंच ती मालिका लटकी वाटली. एवढा गुन्हा, आणि शिक्षा काय, तर रजा आणि समुपदेशन! लेखकाला ती फारच लाडकी आहे.

कडूकारलं:
लाडकी आहे हे खरं. पण त्या समुपदेशनात ती ज्या तऱ्हेनं टाळाटाळ करते, ते बघण्यासारखं आहे. शिक्षा कमी असेल, पण लेखकानं तिचं कृत्य धुऊन दिलेलं नाही.

संवादलेखकाचा_पेन:
मी काही वर्षं रोजच्या मालिकेचे संवाद लिहायचो. नायिका धडधडीत खोटं बोलते असा एक चांगला प्रसंग लिहिला होता. गुरुवारी टीआरपी आला, आकडा पडलेला. वरून निरोप: ती दिराला वाचवायला खोटं बोलली होती असं करा. सोमवारच्या भागात दीर हजर! तिला स्वार्थ चालतच नाही. मग सगळा स्वार्थ खलनायिकेच्या वाट्याला येतो आणि खरं सांगतो, लिहायला मजा तिचीच यायची. एकांकिकेत वरून निरोप येत नाही, तेव्हा फाइल दाबू दे. फक्त ती दाबताना मंचावर दाखव, नुसती संवादातून कळवू नकोस.

गवतीचहा:
यावरून 'भूमिका' (1977) आठवला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' वरून बेनेगलांनी केलेला. उषा नवऱ्याला विटून काळे नावाच्या जमीनदाराच्या वाड्यावर राहायला जाते. जत्रेला जायचं म्हणते तेव्हा कळतं की वाड्याबाहेर पडायची मुभा नाही. मग सुटकेसाठी निरोप कुणाला धाडते? ज्याला सोडून आली त्या नवऱ्यालाच. चुकते, पस्तावते, आणि पुन्हा तशीच वागते.

पाटीपेन्सिल:
'भूमिका' आणि 'उंबरठा' या शनिवारी. फाइल दाबण्याचा प्रवेश आत्ता दुसऱ्या प्रवेशात ऐकीव आहे, तो उचलून पहिल्याच पानावर घेते. लहानपण कापलं. दिग्दर्शक चिडणार आहे.

संवादलेखकाचा_पेन:
चिडू दे. प्रयोग कुठं आहे ते इथं टाक.