मदत हवी आहे: 'नॉर्मल' घनमीटर म्हणजे नक्की कुठलं नॉर्मल?

एमआयडीसी_सातारा
लेझर कटिंगसाठी छोटा पीएसए नायट्रोजन प्लांट (दाबाखालच्या हवेतून नायट्रोजन वेगळा करणारा) बसवायचाय. प्लांटवाला ताशी १०० एन एम क्यूब (Nm³) हवा मागतोय. कॉम्प्रेसरचं कोटेशन ६५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) एफएडीचं आलंय, म्हणजे मशीन प्रत्यक्ष देतं ती हवा, ओढताना असते त्या स्थितीत मोजलेली: ताशी ११० घनमीटर. वरकरणी पुरून उरतंय. पण हा 'एन' न्यूटनचा की नॉर्मलचा? नॉर्मलचा असेल तर साताऱ्याची रोजची हवा नॉर्मलच धरायची ना? शब्द मुळात आला कुठून?

गुण्या_ओळंबा
एन नॉर्मलचाच. रोजची हवा मात्र धरू नका, तिथंच गणित फसतं. लॅटिनमध्ये नोर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला बरोबर बसतं ते नॉर्मल, म्हणून भूमितीत नॉर्मल म्हणजे लंब. 'नेहमीचं' हा अर्थ इंग्रजीत रुळला १९व्या शतकात. गॅसवाले अजून जुन्या अर्थालाच धरून आहेत: मापायला ठरवून घेतलेली स्थिती. ० अंश सेल्सिअस, १.०१३ बार ॲब्सोल्यूट (म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब), कोरडी हवा. आपल्या जिल्ह्यात शून्य अंश म्हणजे वेण्णा लेकला हिमकण दिसल्याची बातमी येते तेवढंच!

हवा_पाणी_सांगली
आता आकडे. सातारा साधारण ७०० मीटर उंचीवर, तिथं हवेचा दाब ०.९३ बारच्या आसपास. खोलीत ३५ अंश धरा. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, दाब ॲब्सोल्यूट:
(३०८ ÷ २७३) × (१.०१३ ÷ ०.९३) = १.२३
हे कोरड्या हवेचं. दमट हवेत बाष्पाचा दाब ०.०३ बारपर्यंत जातो, तो ०.९३ मधून वजा केला की १.२७. म्हणजे १०० नॉर्मलसाठी कॉम्प्रेसरनं १२७ घनमीटर ओढायला हवेत, म्हणजे ७५ सीएफएम. तुमचे ११० घनमीटर जेमतेम ८७ नॉर्मल भरतात. वर हवा सुकवणारा ड्रायर हीटलेस (हीटर नसलेला) असेल तर पर्जला, म्हणजे ड्रायरमधला ओलावा बाहेर काढायला, अंदाजे १५ टक्के हवा जाते, ती वेगळी.

एमआयडीसी_सातारा
बाप रे. सेल्समन म्हणतोय, ७ ऐवजी ८ बारवर चालवा, भागेल.

हवा_पाणी_सांगली
नाही भागणार. दाब वाढवून हवा वाढत नाही, उलट किंचित घटते. वीज मात्र बारमागे ६-७ टक्के जादा. हवा कमी पडली आणि नायट्रोजन तेवढाच ओढलात तर शुद्धता घसरते, स्टेनलेसची कड पिवळी पडायला लागते. मग लोक नोझल बदलत बसतात. पिस्टन मशीन असेल तर एवढं विचारा: ६५ हा एफएडी की डिस्प्लेसमेंट (पिस्टननं व्यापलेल्या जागेचा नुसता हिशोब)? डिस्प्लेसमेंटचा आकडा कायम फुगलेला असतो.

गुण्या_ओळंबा
आणखी एक मेख. काही कंपन्या नॉर्मल म्हणजे २० अंश धरतात, तेवढ्यानंच ७ टक्क्यांचा फरक पडतो. एसटीपीचीही (रसायनशास्त्रातलं प्रमाण तापमान-दाब) तीच गत: १९८२ पासून आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं दाब १ बार केला, तरी एक मोल वायूचं आकारमान कित्येक पुस्तकांत अजून २२.४ लिटरच, नव्या व्याख्येनं २२.७. म्हणून ऑर्डरवर नुसतं 'एन' नको. तापमान, दाब, आर्द्रता तिन्ही लिहून घ्या. फ्लो मीटर लावणार असाल तर त्याच्या मेनूतलं रेफरन्स तापमानही तेच ठेवा, नाहीतर प्लांटवाला आणि कॉम्प्रेसरवाला एकमेकांकडं बोट दाखवत बसतील.