सिंत्रा-कास्काइश एका दिवसात: पेनाची वेळ आधी बघा
लिस्बनहून गाइडसोबत डोंगरावरच्या सिंत्रा गावचे राजवाडे आणि किनाऱ्यावरचं कास्काइश एका दिवसात होईल का, तर होईल. पण राजवाडा आतून एकच बघा. बरेच जण सिंत्रातले पेना आणि रेगलेइरा हे दोन्ही राजवाडे सुचवतात, त्यात धावपळच जास्त होते.

पेनाच्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, पायी अर्धा तास धरा. उशीर झाला की आत सोडत नाहीत. लोक फसतात ते इथेच! म्हणून बुकिंगआधी विचारा: तिकीट आतलं आहे की फक्त बाग-गच्च्यांचं? जाहिरातीत दोन्हीला 'पेना' म्हणतात.

सिंत्राच्या डोंगरावर समुद्राकडून धुकं येतं. लिस्बनला ऊन असलं तरी जाकीट हवंच. काबो दा रोका हे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, तिथे वारा जबर. वीस मिनिटं पुरे.

कास्काइश शेवटी ठेवा. तिथून लिस्बनच्या काइश दो सोद्रे स्टेशनला लोकल चाळीसेक मिनिटांत पोचते, त्यामुळे गाइडला तिथेच निरोप देऊन संध्याकाळ किनाऱ्यावर काढता येते. मात्र परतीला बसने येणार नाही, हे गाइडला आधी सांगून ठेवा.