मॅक्सिमा: मॅट्रिक्सचा वर्ग चुकतोय, आणि इंटिग्रल मलाच प्रश्न विचारतंय

नमस्कार मंडळी,

टीवायबीएस्सीला आहे, विषय गणित. घरच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएक्समॅक्सिमा (मॅक्सिमा हे गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर वापरायची खिडकी) टाकलंय. परवा जर्नल तपासायला द्यायचंय आणि तीन ठिकाणी गाडी अडलीय. फोनवरून लिहितोय, कमांड देवनागरीत चालवून घ्या.

मॅट्रिक्स ए: पहिली ओळ १, २, दुसरी ३, ४. ए^२ दिलं की १, ४ आणि ९, १६ येतं. हाताने केलं तर ७, १० आणि १५, २२. दोनदा केलं, मग ताईकडूनही करून घेतलं. ए^-१ ला तर सरळ १, १/२ आणि १/३, १/४! डिटर्मिनंट मात्र -२ म्हणजे बरोबर येतो, तेव्हा आकडे भरताना चूक नसावी.

दुसरं, एक्स^एन चं इंटिग्रल मागितलं तर उलट मलाच विचारतं, एन म्हणजे -१ आहे का? मला काय माहीत! तिथेच पुढची कमांड टाकली तर पुन्हा तोच प्रश्न. शेवटी वैतागून बंद केलं आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

तिसरं, साइन एक्स चं इंटिग्रल, ० ते पाय. उत्तर २ हवं, ते १ - कॉस(पाय) वरच थांबतं.

प्रतिसाद

अरे, सगळ्यांचं पहिलं सबमिशन इथेच अडतं. एका टोपीने (^) मॅट्रिक्समधल्या प्रत्येक आकड्याचा वेगवेगळा घात होतो. तुला दोन टोप्या हव्यात: ए^^२, ए^^-१. किंवा इन्व्हर्ट(ए). गुणाकाराचंही तसंच, चांदणी (*) दिलीस तर आकड्याला आकडा गुणला जातो, खरा मॅट्रिक्स गुणाकार टिंबाने. टिंबाच्या दोन्ही बाजूंना जागा सोड, नाहीतर आकड्यांमध्ये ते दशांशचिन्ह ठरतं.

इंटिग्रलचा प्रश्न रास्त आहे रे. सूत्रात छेदाला एन+१ असतो. एन -१ असेल तर छेद शून्य, आणि उत्तर लॉग. ‘नो’ लिही, अर्धविराम दे, शिफ्ट-एंटर. उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेल्या प्रकल्पाचा वारसा आहे, हेका असायचाच.

पाय नुसता लिहिलास तर ते एक साधं अक्षर समजतं. आधी टक्क्याचं चिन्ह लाव: %पाय. ‘ई’लाही तेच. नाहीतर ई^एक्स च्या इंटिग्रलमध्ये खाली लॉग(ई) लटकलेला दिसेल.

धागाकर्ता

दादा, जमलं! इन्व्हर्स -२, १ आणि ३/२, -१/२. ए . इन्व्हर्ट(ए) करून पाहिलं, आयडेंटिटी आली. साइनचंही २ आलं. पण एक्स^एन च्या उत्तरात ‘+ सी’ कुठेच नाही?

प्रतिसाद

ते मॅक्सिमा लिहीत नाही. प्रिंट काढल्यावर पेनाने लिही, आमचे सर त्याचा अर्धा मार्क कापायचे.